काचेवरची काच

फोनच्या पडद्यावर आणखी एक काच चिकटवावी की नाही, हा प्रश्न आता शाळेपर्यंत आला आहे. शाळेला टॅब मिळतात. पण एखादा पडदा फुटला तर दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, या धास्तीने ते कपाटात कुलूपबंद राहतात. म्हणून या काचेच्या अंगी काय आहे ते पाहू.

पुण्याच्या तपकीर गल्लीत अशी काच घ्यायला गेलात तर पाकिटावर बहुधा '९एच' छापलेले असेल. खनिजांच्या काठिण्याची दहा पायऱ्यांची श्रेणी फ्रीडरिख मोस यांनी १८१२ साली मांडली. तिच्यात शंखजिरे १, गारगोटी ७, कुरुंद ९ आणि हिरा १०. साहजिकच ही काच कुरुंदाच्या तोडीची असावी असे वाटते. ते खरे नाही. हा ९ पेन्सिलीचा आहे! रंगाच्या थरावर निरनिराळ्या पेन्सिली ठरावीक दाबाने ओढून कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो हे पाहण्याची एक चाचणी असते. ९एच पेन्सिलीनेही चरा पडला नाही, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. पेन्सिलीची कांडी ग्राफाइट आणि मातीची. तिने खिडकीच्या साध्या काचेवरही चरा पडत नाही.

हे वर्गात करून पाहा. अप्पा बळवंत चौकातून चित्रकलेची सर्वांत कठीण पेन्सिल आणा. काचेच्या तुकड्याच्या कडांना चिकटपट्टी लावा. पेन्सिलीची रेघ बोटाने पुसली जाते. मग पितळी किल्ली ओढा, तीही हरते. शेवटी गारगोटीचे टोक ओढा. हा चरा मात्र पुसला जात नाही.

पडद्याचा खरा शत्रू म्हणजे खिशातली धूळ. आपल्या काळ्या पाषाणातील फेल्डस्पारचे काठिण्य ६ च्या आसपास, तर त्याच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या गारगोटीचे आणि अकीकाचे ७ च्या जवळ. साधी काच साडेपाचाच्या आसपास असते. फोनची काच थोडी सरस असली तरी गारगोटीपुढे तिचा टिकाव लागत नाही.

चरा नुसता दिसायला वाईट असतो असे नाही. काचेची तड सूक्ष्म चिऱ्यांपासून सुरू होते, हे ग्रिफिथ यांनी १९२१ साली दाखवले. फोनची काच यावर उपाय करूनच येते. ती पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात सुमारे ४०० अंश सेल्सियसला बुडवतात. पृष्ठभागातील सोडियमचे आयन बाहेर पडून त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. पीएमपीच्या बाकावरील सडपातळ प्रवाशांच्या जागी जाडजूड प्रवासी बसले तर जसे सगळेच आवळले जातात, तसा पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि चीर उघडू देत नाही. मात्र हा थर काही दशांश मिलिमीटरही नसतो. चरा त्याच्या पार गेला की संरक्षण संपले.

वरची काच हे चरे स्वतःवर घेते, हे तिचे खरे काम. आपटण्याबाबत आम्ही इतके ठामपणे बोलणार नाही. 'वरची फुटली म्हणून खालची वाचली' हा युक्तिवाद कच्चा आहे. वरची काच जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर जाडीची. ज्या धक्क्याने ती फुटते तो खालच्या काचेने एरवीही सोसला असता, असे असू शकते. कोपऱ्यावर पडणाऱ्या फोनला तर उंच कडांचे रबरी कव्हर अधिक उपयोगी.

स्पर्श मात्र अडत नाही. बोट वीजवाहक असल्याने काचेपलीकडच्या विद्युतक्षेत्रात बदल घडवते आणि पडदा तोच टिपतो. नखाने टिचकी मारून पाहा, काहीच होत नाही.

आमचे मत विचाराल तर मुलांच्या टॅबना काच आणि कव्हर दोन्ही लावावे. '९एच'साठी जादा पैसे देऊ नयेत. लावण्यापूर्वी पडदा नीट पुसावा, कारण आत राहिलेल्या कणाभोवती बुडबुडा धरतो. आणि तडकलेली काच 'चालतेय तोवर चालू दे' म्हणून ठेवू नये. तिच्या कपच्या बोटात शिरतात. कोपऱ्याकडून हळूहळू उचलून, कागदात गुंडाळून ती टाकून द्यावी.