इंडोनेशियाचं स्वातंत्र्य: मध्यस्थीविषयीचे चार गैरसमज

राष्ट्रवादी नेते सुकार्नो आणि हत्ता यांनी १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाचं प्रजासत्ताक म्हणून स्वातंत्र्य जाहीर केलं. नेदरलँड्सने सत्ता सोडली २७ डिसेंबर १९४९ रोजी. मधल्या चार वर्षांत लढाई आणि वाटाघाटी दोन्ही चालू होत्या. त्यातल्या मध्यस्थीबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: मध्यस्थ निवाडा देतो.
वस्तुस्थिती: संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९४७ मध्ये तीन देशांची समिती नेमली. ऑस्ट्रेलिया इंडोनेशियाने निवडला, बेल्जियम डचांनी, आणि निवडलेल्या या दोन देशांनी मिळून अमेरिका. निर्णय लादण्याचा अधिकार समितीला नव्हता. बैठक कुठे घ्यायची यावरही एकमत होईना. शेवटी अमेरिकी नौदलाचं 'रेनव्हिल' हे जहाज जकार्ताच्या बंदरात आणून त्यावर बोलणी झाली.

गैरसमज: रेनव्हिल करार म्हणजे निव्वळ शरणागती.
वस्तुस्थिती: जानेवारी १९४८ च्या या करारातल्या अटी जाचक होत्या. डचांनी जिंकलेला मुलूख त्यांच्याकडेच राहिला, पश्चिम जावातून प्रजासत्ताकाच्या सैनिकांना माघार घ्यावी लागली, पंतप्रधान अमीर शरीफुद्दीन यांचं सरकार पडलं. पण प्रजासत्ताक आता आंतरराष्ट्रीय करारातला एक पक्ष ठरलं होतं. म्हणूनच १९ डिसेंबर १९४८ रोजी डचांनी प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकार्ता घेऊन सुकार्नो-हत्तांना अटक केली, तेव्हा 'हा आमचा घरचा मामला' हे त्यांचं म्हणणं जगाने मानलं नाही.

गैरसमज: मध्यस्थांनी समजूत घातली आणि डच नमले.
वस्तुस्थिती: समजुतीमागे दबाव होता. खेड्यापाड्यांत गनिमी युद्ध पेटलेलं होतं. नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत परिषद बोलावून आशियाई देशांना एकत्र आणलं. त्याच महिन्यात सुरक्षा परिषदेने नेत्यांच्या सुटकेचा ठराव केला. युद्धोत्तर उभारणीसाठी अमेरिकेकडून मिळणारी मार्शल मदत धोक्यात येईल, ही डचांना धास्ती होतीच. मे महिन्यात दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी रोएम आणि व्हान रोयेन यांच्यात समझोता झाला आणि हेगच्या गोलमेज परिषदेची वाट मोकळी झाली.

गैरसमज: सह्या झाल्या की हिशेब मिटतो.
वस्तुस्थिती: हेगमध्ये वसाहतीच्या सरकारचं सुमारे ४३० कोटी गिल्डरचं कर्ज नव्या देशाच्या माथी मारलं गेलं. पश्चिम न्यू गिनीचा प्रश्न लोंबकळत राहिला आणि त्यासाठी १९६२ मध्ये पुन्हा मध्यस्थ लागला.

गुलाम देशाला स्वातंत्र्य मध्यस्थ देत नाही. लढणाऱ्यांनी कमावलेलं बळ तो कागदावर आणतो, आणि त्या कागदावर काय सुटून गेलं हे त्यांनाच डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं.