मर्यादा आणि मुक्ती

अंगात एखादे व्यंग आले, की माणसाच्या तोंडून पहिला उद्गार निघतो, "आता आपल्या हातून काय होणार?" हा प्रश्न काही खोटा नाही. नुसता धीर दिल्याने बहिऱ्याचे कान उघडत नाहीत. मग अशा माणसाने आपले जीवितकार्य शोधावे कसे? पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले. १८८२ साली वैधव्य आले. पुढच्याच वर्षी लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर होऊन इकडच्या बायकांची सेवा करायची, हा बेत. पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो सोडावा लागला. आता पाहा, बायकांची सेवा हा हेतू. डॉक्टरकी हे त्याचे एक साधन. साधन गेले, हेतू राहिला. त्या शिक्षणाकडे वळल्या, अमेरिकेत बालशिक्षणाची पद्धत शिकल्या आणि १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदासदन काढले.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. मुलूख परका, राहणे दुसऱ्याच्या आश्रयाने. तरीही आश्रय देणाऱ्या धर्मभगिनींची सगळी मते त्यांनी मान खाली घालून स्वीकारली नाहीत. पटेना ते पत्रांतून स्पष्ट कळवले. देवापुढे नम्र व्हायचे, पण सदसद्विवेकबुद्धी कुणाकडे गहाण टाकायची नाही, अशी त्यांची वृत्ती.

ख्रिस्ती श्रद्धेतली मुक्ती म्हणजे पापाच्या आणि भयाच्या बंधनातून सुटका. शरीराची प्रत्येक उणीव दूर होईल, असे वचन त्यात नाही. संत पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही, पण तो सोसून काम करण्याचे बळ मिळाले, असे तो करिंथकरांस लिहितो.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून केडगावला सांभाळल्या. त्या ठिकाणाचे नावच 'मुक्ती'! तिथे मनोरमाबाईंनी अंध बायकांना ब्रेल लिपी शिकवली. डोळ्यांचे काम बोटांनी करायचे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून, खेड्यातल्या बाईलाही कळावे अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर हाती घेतले. कान मंद, वय उताराला लागलेले. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या. तरी काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या वर्गात कमी ऐकणारे, कमी दिसणारे एखादे मूल असेल. त्याला काय जमत नाही, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याला काय करावेसे वाटते, ते आपण विचारावे. वाट मग दोघांनी मिळून शोधावी.