फॉरमॅट बदलला, पण नकाशा जागेवर बसला का?

रूपांतर म्हणजे फाइलचा फॉरमॅट बदलणं, हा नकाशांच्या कामातला सगळ्यात पक्का गैरसमज. कॅनडातल्या सेफ सॉफ्टवेअर कंपनीचं एफएमई असो की मोफत मिळणारं, मुक्तस्रोत जीडीएएल, फॉरमॅट ही सॉफ्टवेअर चुटकीसरशी बदलतात. खरी कसोटी लागते निर्देशांकांची, म्हणजे जागा सांगणाऱ्या आकड्यांची.

आपले जुने नकाशे 1830च्या एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका गणिती प्रारूपावर, बेतलेले आहेत. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस 84 या दुसऱ्या पद्धतीवर चालतं. अक्षांश-रेखांशाचे तेच आकडे या दोन पद्धतींत वेगवेगळ्या जागा दाखवतात. मुंबईच्या परिसरात हा फरक शंभर मीटरच्या घरात जातो. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'असाइन प्रोजेक्शन' केलं की काम झालं असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्यात आकडे जसेच्या तसे राहतात, फक्त ते कोणत्या पद्धतीतले आहेत हे सांगणारी पाटी बदलते. आकडे बदलायचे तर 'रीप्रोजेक्ट लेयर'च हवं. चुकीची पाटी लावलेला रस्ता घरांवरून गेलेला दिसतो, आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही.

आकड्यांचा क्रम कसाही चालतो, हाही भ्रमच. जिओजेसन या फॉरमॅटमध्ये रेखांश आधी, अक्षांश नंतर. उलट लिहिलंत तर पुणे थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पडतं.

'मराठी अक्षरं फुटली, म्हणजे फॉन्ट खराब' हे तर प्रत्येक कार्यालयात ऐकू येतं. फॉन्टचा बहुतेक वेळा काही दोष नसतो. फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या कोणत्या पद्धतीत लिहिली, हे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला कळलेलं नसतं. त्यात शेपफाइल या नकाशांच्या फॉरमॅटमध्ये कॉलमच्या नावाला जागा जेमतेम 10 बाइट. यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, काना आणि उकारसुद्धा. म्हणून 'गाव' कसंबसं मावतं, 'तालुका' कापला जातो. मराठी माहितीसाठी शेपफाइलचा हट्ट सोडून जिओपॅकेज हा फॉरमॅट वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रूपांतराने अचूकता वाढते, असंही समजू नये. 1:50,000 च्या नकाशावरची अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवरचे 25 मीटर. दशांश चिन्हापुढे कितीही आकडे आले तरी ते 25 मीटर कमी होत नाहीत.

आणि हे सगळं प्रोग्रामरचंच काम, असंही आता राहिलेलं नाही. एफएमईमध्ये पडद्यावर एकेका कामाच्या चौकटी रेषांनी जोडत गेलं की एक्सेलमधली गावांची यादी नकाशाला जोडता येते. 2025 मध्ये आलेल्या जीडीएएल 3.11 ने विखुरलेल्या आज्ञा एका 'जीडीएएल' आज्ञेखाली आणल्या; वाचणं, गाळणं, रीप्रोजेक्ट करणं आणि लिहिणं एकाच ओळीत साखळीसारखं मांडता येतं. तीच ओळ जपून ठेवली, की पुढच्या महिन्याची फाइल त्याच क्रमाने जाते.