बसायची बॅग : पट्टा की दांडा?

दोन-तीन वर्षांचे मूल चाकांच्या छोट्या बॅगेवर मांड ठोकून बसले आहे आणि पालक पट्ट्याने ती बॅग ओढत आहेत, हे दृश्य आता मुंबई-पुण्याच्या विमानतळांवरही नवे राहिलेले नाही. अशी बॅग निवडताना रंग, प्राण्याचा चेहरा आणि आत मावणारे कपडे एवढेच बहुधा पाहिले जाते. वास्तविक मूल जिच्यावर बसते ती वस्तू सामान न राहता वाहन होते, आणि वाहन वळणावर कलंडते का व उतारावर थांबते का, हे प्रश्न तिलाही लागू होतात.

या प्रश्नांचा इतिहास मोठ्यांच्या बॅगेपासून सुरू होतो. अमेरिकेतील बॅग-उद्योजक बर्नार्ड सॅडो यांनी १९७० साली प्रवासी बॅगेला चार चाके आणि ओढण्याचा लवचीक पट्टा लावला व १९७२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. ही बॅग ओढताना डुलत असे आणि कलंडतही असे. १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने बॅग उभी केली, चाके दोनच ठेवली आणि पट्ट्याच्या जागी ताठ, सरकता दांडा आणला. आजची केबिन बॅग त्यातून आली. या कथेत प्लाथ यांना मान मिळतो तो योग्यच आहे, परंतु बॅगेला चाके लावून ती दुकानांत नेण्याचे सॅडो यांचे श्रेय त्यामुळे उगाच झाकोळले जाते. रॉब लॉ या ब्रिटिश डिझायनरने विद्यार्थिदशेत, १९९७ मध्ये, मुलांच्या बसायच्या बॅगेची कल्पना मांडली आणि २००६ मध्ये ती ‘ट्रंकी’ या नावाने बाजारात आली, तेव्हा चार चाके आणि पट्टा ही सॅडो यांचीच रचना परत आली, फक्त आता वर मूल बसलेले होते.

मूल बसल्याने काय बदलते, हे गुरुत्वमध्यावरून, म्हणजे ज्या बिंदूत सगळे वजन एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूवरून, कळते. प्रौढाचे डोके उंचीच्या सुमारे एक अष्टमांश असते, तर दोन वर्षांच्या मुलाचे जवळपास एक पंचमांश. त्यामुळे लहान मुलाचा गुरुत्वमध्य त्याच्या उंचीच्या मानाने वर असतो. चाकांमधले आडवे अंतर १८ सेंटिमीटर आणि मुलासह बॅगेचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर धरला, तर ताशी ५ किलोमीटर या साध्या चालीनेही एक मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण घेताच आतल्या बाजूची चाके उचलली जातात. सुरक्षा-तपासणीच्या रांगेतली दोरखंडांची वळणे याहून अरुंद असू शकतात. अशा वेळी मुलाला सावरतात ते त्याचे स्वतःचे पाय. दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकत असतील तर आधाराचा पाया एकदम रुंद होतो, आणि म्हणून आसनाची उंची ही बॅगेच्या आकारमानापेक्षा महत्त्वाची ठरते.

पट्ट्याचा दोष उतारावर दिसतो. पट्टा ओढू शकतो, रेटून धरू शकत नाही. बैलगाडी उतारावर येते तेव्हा बैल जुवाने तिचा भार मागे तोलून धरतात, कारण जू आणि गाडी यांना जोडणारी दांडी ताठ असते. तिथे दोर असता तर गाडी त्यांच्या पायांवर आली असती. विमानाकडे जाणारा मार्ग १२ ला १ या उताराचा असेल, तर घर्षण वगळता, थांबलेली बॅग अवघ्या ५ मीटरमध्ये ताशी सुमारे १० किलोमीटर वेग घेईल. ताठ दांड्याची बॅग म्हणूनच अधिक भरवशाची. पट्ट्याचीच घ्यायची असेल, तर उतारावर मुलाला उतरवावे किंवा बॅगेच्या पुढे न राहता मागून ती धरावी.

उरलेले हिशेब सोपे आहेत. ट्रंकीच्या मूळ बॅगेचे मोजमाप ४६ × ३१ × २०.५ सेंटिमीटर, वजन १.७ किलो आणि धारणक्षमता १८ लिटर आहे. भारतातील देशांतर्गत प्रवासात केबिन सामानाची मर्यादा बहुधा ७ किलो असल्याने एवढे वजन चालून जाते. आसनासमोर पसरून पलंग करता येणाऱ्या महागड्या बॅगांच्या जाहिराती मात्र सावधपणे वाचाव्यात, कारण उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी सामान बाजूला ठेवावेच लागते आणि असा पलंग लावू द्यायचा की नाही हे प्रत्येक विमान कंपनी आपल्या नियमांप्रमाणे ठरवते. लेखी परवानगी पाहिल्याखेरीज त्या सोयीसाठी जादा पैसे मोजू नयेत.

खरेदीला जाताना मुलाला बरोबर न्यावे, बॅगेवर बसवून त्याचे दोन्ही तळवे टेकतात का ते पाहावे आणि दुकानातच एक अरुंद वळण घेऊन बघावे. सरकत्या जिन्यावर मात्र कोणत्याही बॅगेवर मुलाला बसवू नये.