‘सराव’ मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?



पेटची तयारी करताना किंवा सिनॉप्सिस लिहिताना आपण काही शब्द अगदी सहज वापरतो: ‘सराव’, ‘सहभाग’, ‘जागृती’. मग मार्गदर्शक एकच प्रश्न विचारतात, “हे मोजणार कसं?” आणि गाडी तिथेच अडते. या प्रश्नाच्या उत्तराला कार्यात्मक व्याख्या म्हणतात, म्हणजे संकल्पना प्रत्यक्ष मोजता येईल अशा कृतीत उतरवणं. आज संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उदाहरणावरून ती समजून घेऊ.

बर्लिनचे व्हायोलिनवादक

१९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा-दहा जणांचे तीन गट होते: सर्वोत्तम, चांगले आणि संगीतशिक्षक होण्याचं शिक्षण घेणारे. प्रत्येकाला आठवडाभर रोजनिशी लिहायला लावली. वर्ग, एकट्याचा रियाज, इतरांसोबत वाजवणं, विश्रांती, सगळं वेगवेगळं नोंदवायचं.

आता गंमत बघा. संगीतात जाणारा एकूण वेळ तिन्ही गटांचा जवळपास सारखाच होता, आठवड्याला सुमारे ५० तास. फरक दिसला तो एकट्याने केलेल्या रियाजात: वरच्या दोन गटांचा २४ तासांच्या वर, तर तिसऱ्याचा ९ तासांच्या आसपास. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतचा एकूण रियाज आठवून सांगायला लावला, तेव्हा सरासरी आली अनुक्रमे ७,४१०, ५,३०१ आणि ३,४२० तास. पुढे माल्कम ग्लॅडवेलच्या २००८ च्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेला ‘दहा हजार तासांचा नियम’ याच अभ्यासावर उभा आहे.

२०१९ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि मेघा मैत्रा यांनी हा अभ्यास पुन्हा केला. या वेळी मुलाखत घेणाऱ्याला समोरचा कोणत्या गटातला आहे हे माहीत नव्हतं. निकाल? ‘सर्वोत्तम’ आणि ‘चांगले’ या दोघांचाही रियाज साधारण ११,००० तास, तिसऱ्या गटाचा ६,००० च्या आसपास. म्हणजे वरच्या दोन गटांतला फरक गेलाच. त्याआधी २०१४ मध्ये मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले होते. संगीतातल्या कौशल्याच्या फरकापैकी सुमारे २१ टक्केच भाग सरावाने उलगडत होता.

हीच रोजनिशी एटापल्लीत दिली तर?

समजा, एटापल्ली तालुक्यातली एक मुलगी आहे. ती गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेसाठी हार्मोनियमवर अलंकार घोटते. शाळेत सामुदायिक प्रार्थना म्हणते. आणि गावात संध्याकाळी गोटूलजवळ पोरंपोरी जमली की माडिया भाषेतली रेला गाणी गाते. एकजण ओळ धरतो, बाकीचे ती उचलतात, पाय ठेक्यावर चालू असतात. तिथे वही नाही, स्वरलिपी नाही, परीक्षा नाही.

आता बर्लिनची रोजनिशी तिच्या हातात द्या. अलंकार ‘एकट्याचा रियाज’ या रकान्यात जातील. रेला कुठे जाईल? फार तर ‘मनोरंजन’ किंवा ‘इतरांसोबत गाणं’ यात. आणि तिची मैत्रीण, जी फक्त रेलाच गाते पण शंभर गाणी पाठ आहेत, तिचा सराव येईल शून्य तास!

आकडा चुकीचा नाही, बेरीज बरोबर आहे. पण निष्कर्ष निघेल की ‘या मुलींना संगीताचा सराव नाही’. हाच निष्कर्ष उद्या एखाद्या अहवालात गेला, तर ‘इथे संगीताची पार्श्वभूमीच नाही’ असं समजून योजना आखली जाईल. मोजमाप ज्या संकल्पनेसाठी आहे तीच मोजतंय का, याला संकल्पनेची वैधता म्हणतात. एरिक्सनची व्याख्या एकल वादक घडवणाऱ्या अकादमीसाठी योग्य होती. जिथे गाणं मुळात समूहाचंच आहे, तिथे ती तशीच उचलता येत नाही.

परिणामही वेगळा असू शकतो

समूहगानातून ‘काय साध्य होतं’ हेसुद्धा तपासा. २०१५ मध्ये आयलुनेड पिअर्स, जॅक लॉने आणि रॉबिन डनबार यांनी प्रौढांचे गायनाचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे वर्ग सात महिने अभ्यासले. गाणाऱ्यांमध्ये आपुलकी फार लवकर तयार झाली. शेवटी मात्र बाकीच्या वर्गांनीही त्यांना गाठलं. त्यांनी सूर मोजले नाहीत, जवळीक मोजली. म्हणजे अवलंबी चल निवडतानाच अर्धं संशोधन ठरतं.

मग करायचं काय?

१. प्रश्नावली आधी बनवू नका. काही आठवडे नुसतं बघा: ओळ कोण धरतं, नवीन पोर कधी सामील होतं, चुकलं तर कोण आणि कसं सुधारतं.

२. शिकण्यासाठी त्या लोकांचे स्वतःचे शब्द विचारा. माडिया ही द्रविड कुळातली भाषा आहे. मराठी ‘सराव’ला तिथे नेमका जोडीदार शब्द असेलच असं गृहीत धरू नका.

३. मग रकाने ठरवा. तासांसोबत ‘किती गाणी येतात’, ‘किती वेळा ओळ धरली’ अशी मापंही ठेवा.

४. आठवून सांगितलेल्या तासांवर पूर्ण विसंबू नका, आणि नोंद घेणाऱ्याला गट कळू देऊ नका.

५. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता घ्याच, पण ग्रामसभेशीही आधी बोला. मुलं अल्पवयीन असतील तर पालकांची आणि मुलांची, दोघांचीही संमती हवी.

आता तुमचा सिनॉप्सिस काढा. त्यातला सगळ्यात सोपा वाटणारा शब्द अधोरेखित करा आणि विचारा: माझ्या व्याख्येप्रमाणे कुणाची नोंद शून्य येईल? तो माणूस खरंच शून्य आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर मुलाखतीत पॅनेलने विचारायच्या आधी व्याख्या बदला.