आमरीची मुळं वाचायला शिका

वाशीमचा उन्हाळा कडक, म्हणून इथे ऑर्किड जगत नाही, असं मला अनेकांनी सांगितलं होतं. माझं पहिलं रोप मेलं ते ऐन श्रावणात. मोठ्या हौसेनं ते शेतातल्या काळ्या मातीत लावलं होतं आणि रोज पेलाभर पाणी घालत होते. उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी आणि लिबलिबीत झालेली. चिमटीत धरली की साल निघून यायची आणि हातात नुसता दोरा उरायचा.

ऑर्किड म्हणजे आपली आमरी. झाडावर वाढते म्हणून तिला बांडगूळ समजणारे पुष्कळ आहेत. बांडगुळाची मुळं फांदीत घुसून झाडाचा रस ओढतात. आमरी सालीला फक्त धरून बसते, यजमानाचं काही खात नाही. विदर्भातल्या पानगळीच्या जंगलांत वांडा टेसेलाटा ही आमरी झाडांच्या फांद्यांवर राहून दरवर्षी आपला मे महिना काढते. तिच्या मुळांवर पांढरट, स्पंजसारखं आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. पाऊस आला की ते झटकन पाणी शोषतं आणि वाऱ्यावर पुन्हा सुकतं. भिजणं आणि सुकणं, दोन्ही तिला हवं. काळी माती ओल धरून ठेवते, चिकटते आणि हवा कोंडते. कपाशी-तुरीला ती मानवते, आमरीच्या मुळांना गुदमरवते.

म्हणून कुंडीत माती नकोच. लाकडी कोळशाचे आणि विटांचे बोराएवढे तुकडे, थोड्या नारळाच्या शेंड्या, एवढं पुरतं. दुकानात बहुधा मिळते ती फॅलेनॉप्सिस. ती पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीतच राहू द्यावी, कारण मुळं दिसतात. मुळं रुपेरी पांढरी दिसली तर तहान लागली आहे, हिरवी दिसली तर थांबावं. 'आठवड्यातून एकदा पाणी' हा सरधोपट नियम आपल्याकडे चालत नाही. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांतच मुळं पांढरी पडतात, झडीच्या दिवसांत दहा-दहा दिवस हिरवीच राहतात. पाणी देताना कुंडी बादलीत 10 मिनिटं बुडवावी आणि पूर्ण निथळू द्यावी. छिद्र नसलेल्या शोभेच्या कुंडीत तळाशी पाणी साचतं, ते ओतून टाकावं. पानांच्या मधल्या पोंग्यात पाणी राहिलं तर तो कुजतो, म्हणून ते कापसानं टिपून घ्यावं. बोअरच्या जड पाण्यानं मुळांवर क्षारांची पांढरी पुटं चढतात, म्हणून पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी भरून ठेवते. कुंडीबाहेर आलेली मुळं अनेक जण कापून टाकतात; ती हवेतली ओल घेतात, त्यांना हात लावू नये.

उन्हाचं म्हणाल तर फॅलेनॉप्सिसला ऊन सोसत नाही हे खरं, पण अंधाऱ्या बैठकीत टीपॉयवर ठेवली तर ती फुलतही नाही. पूर्वेच्या खिडकीत पातळ पडद्याआड ठेवावी. उन्हाळ्यात आपला कूलर तिच्या कामी येतो, कारण त्याची हवा ओलसर असते. त्याच खोलीत ठेवावी, मात्र थेट झोतात नको.

खतातही मातीसारखीच चूक होते. शेणखत घातलं की तुकड्यांमधल्या फटी बुजतात. कृषी केंद्रात मिळणारं 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा द्यावं. पिकावर फवारतात त्या मापानं देऊ नये, मुळं करपतात.

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते फुलं गळल्यावर रोप फेकून देतात त्याचं. दोन-तीन महिने फुलल्यावर ते विसावा घेतं. पानं टणक असतील तर ते जिवंत आहे. दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या पेराच्या वर कापावा, वाळला असेल तर बुडातून. नव्या दांड्यासाठी काही आठवडे गारवा लागतो, आणि तो आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास आपोआप मिळतो. मात्र रात्रीचा पारा 15 अंशांखाली उतरू लागला की रोप खिडकीपासून आत घ्यावं.

त्या दिवसांत पानाच्या बेचक्यातून एक हिरवं टोक निघतं. गोल आणि गुळगुळीत असेल तर ते मूळ. चपटं, किंचित वाकडं असेल तर तो फुलांचा दांडा. तो दिसला की कुंडीची दिशा बदलू नये, कारण दांडा उजेडाकडे वळत वाढतो आणि कुंडी फिरवली की वेडावाकडा होतो.