लाटांचे धुके

कोकणच्या खडकाळ किनाऱ्याची काही छायाचित्रे पाहणाऱ्यास चकित करतात. काळे कातळ त्यांत रेखीव उमटलेले असतात. पण त्यांच्याभोवती पाणी नसून पांढरे धुके पसरले आहे, असा भास होतो. लाट एकही दिसत नाही. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मनुष्याला असे दृश्य कधीच दिसत नाही. मग हे चित्र खोटे म्हणावे काय?

या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्याच्या झडपेत आहे. झडप उघडताच भिंगातून आलेला प्रकाश फिल्मवर, अथवा आजच्या कॅमेऱ्यातील संवेदकावर, पडू लागतो. ती मिटताच थांबतो. झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरती उघडली, तर उसळलेल्या लाटेचे तुषारही जागच्या जागी थिजलेले दिसतात. तीच ३० सेकंद उघडी ठेवली, तर त्या अवधीत येऊन गेलेल्या साऱ्या लाटांचा प्रकाश एकाच चित्रात साठतो. चित्रातील एखाद्या ठिकाणी फेस ३ सेकंद राहिला, तर त्याच्या शुभ्रतेचा दहावा हिस्सा तेथे उमटतो. १५ सेकंद राहिला, तर निम्मा. या बेरजेतूनच धुके निर्माण होते. कातळ मात्र जागचा हलत नसल्याने ठळक राहतो.

छायाचित्रणाच्या आरंभी दीर्घ अवधी ही निवड नव्हती, नाइलाज होता. दागेर याने १८३८ च्या सुमारास पॅरिसमधील एका हमरस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्त्यावरील वर्दळ त्यातून नाहीशी झाली. बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक मनुष्य तेवढा स्पष्ट उमटला. पुढे १८५६-५७ मध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे याने समुद्राची चित्रे घेतली, तेव्हा लाटा थिजविण्यात यश आले, हेच नवल ठरले. आज छायाचित्रकार तोच जुना दोष बुद्ध्या वापरतात.

त्यासाठी प्रकाश कमी असावा लागतो. उन्हात झडप ३० सेकंद उघडी राहिली, तर चित्र पांढरेफटक होईल. म्हणून भिंगापुढे गडद करड्या काचेचा फिल्टर बसवितात. प्रकाशाचा सुमारे हजारावा भागच आत सोडणारा फिल्टर लावला, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागाऐवजी जवळजवळ ३४ सेकंद देता येतात. कॅमेरा भक्कम तिपाईवर ठेवावा लागतो, कारण तो किंचित हलला तरी कातळही पुसट होतो.

रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर येथे या छायाचित्रणास योग्य असा किनारा आहे. लाटांनी डोंगराचा पायथा कापून तेथे खडकाचा सपाट ओटा घडविला असून खडकाच्या भिंतींवर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पडली आहेत. प्रदक्षिणेची वाट याच ओट्यावरून जाते आणि ती ओहोटीतच चालता येते. भरतीची वेळ काढण्याचा एक ढोबळ हिशेब कोकणात रूढ आहे: तिथीची पाऊणपट करावी. पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीस, भरती सव्वाअकराच्या सुमारास येते. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे सायंकाळी. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचे पाणीही फार दूर हटते. खडक उघडे आणि प्रकाश मंद, असा योग त्या वेळी जुळून येतो. धोकाही त्यातच आहे. एकेका चित्रात गुंतलेल्या मनुष्याच्या पाठीमागे पाणी परतू लागते आणि परतीची वाट बुडते. म्हणून भरतीचे छापील कोष्टक पाहूनच खडकावर उतरावे, पावसाळ्यात तर उतरूच नये.

रायपूरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातील विद्यार्थ्यांनाही हे तत्त्व पडताळता येईल. खारून नदीच्या महादेव घाटावर, वडीलधाऱ्यांसह, कॅमेरा स्थिर ठेवून झडप २ सेकंद उघडावी. पायरीलगत वाहणारे फूल चित्रात रेघ होऊन उमटेल. पायरीची लांबी मोजलेली असल्यास तिच्याशी ताडून रेघेची लांबी कळेल. ती एक मीटर भरली, तर प्रवाहाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर ठरतो. ज्या चित्रावरून पाण्याचा वेग मोजता येतो, त्यास खोटे म्हणता येणार नाही. डोळा क्षणामागून क्षण पाहतो. असे चित्र त्या सर्व क्षणांची बेरीज मांडते.